बुरशीच्या नावाचा वाद कसा सोडवायचा: सातबारा, टाइप आणि शेवटी समिती

धिंगरी अळंबीच्या स्पॉनच्या (बियाण्याच्या) पिशवीवर ‘प्लुरोटस साजोर-काजू’ छापलेलं असतं. त्याच पिशवीतून उगवलेल्या अळंबीचा तुकडा डीएनए तपासणीला दिला की अहवालात ‘प्लुरोटस पल्मोनॅरियस’ येतं. पुरवठादार म्हणतो प्रयोगशाळेनं घोळ घातला, प्रयोगशाळा म्हणते पुरवठादारानं भलतंच वाण दिलं. खरी गोष्ट अशी की साजोर-काजू हे नाव स्वीडनचा कवकशास्त्रज्ञ फ्राइस यानं १८२१ मध्ये दिलं ते एका चिवट, देठावर ठसठशीत कडं असलेल्या अळंबीला. ती लेंटिनस या प्रजातीतली (जीनसमधली; जाती म्हणजे स्पीशीज) आहे, आणि पेग्लर यांनी १९७०च्या दशकात ती तिथे नेऊनही ठेवली. आपण पेंढ्यावर पिकवतो त्या धिंगरीच्या देठावर कडं नसतंच. म्हणजे पिशवीतली अळंबी बदललेली नाही. तिच्यावर दुसरीचं नाव पन्नासेक वर्षं चिकटून राहिलं आहे.

हा वाद सोडवायला नामकरण समिती लागत नाही, देठाकडे बघणारा माणूस लागतो. नागपूर परिसरात हे वाद सतत उभे राहतात: संत्र्याच्या डिंक्यावरचा शोधनिबंध, भंडारा-गोंदियातल्या धानाच्या करप्याचा अहवाल, कपाशीच्या मर रोगाचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी), रुग्णालयातला बुरशीचा रिपोर्ट. यातले बहुतेक वाद नावाचे नसतातच, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

आधी ठरवा: भांडण नेमकं कशाचं?

कागदावर एकच प्रश्न लिहा: दोन्ही बाजूंच्या हातात एकच जीव आहे का? उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर वाद ओळखीचा आहे. जीव तोच आहे, पण तो एक जाती मानायचा की तीन, या प्रजातीत ठेवायचा की त्या, यावर मतभेद असेल तर वाद वर्गीकरणाचा आहे. जीवही मान्य, त्याच्या सीमाही मान्य, आणि तरीही दोन नावांपैकी कोणतं वापरायचं हे ठरत नसेल तरच तो नामकरणाचा वाद. नामकरण संहिता, म्हणजे शास्त्रीय नावांचे आंतरराष्ट्रीय नियम, फक्त या तिसऱ्या प्रकाराला लागू होते.

दुसऱ्या प्रकारात लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात. फ्युजॅरियम सोलानी म्हणायचं की निओकॉस्मोस्पोरा सोलानी? २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी भलेमोठे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एका गटाला फ्युजॅरियम मोठं ठेवायचं आहे, दुसऱ्याला त्याचे तुकडे करायचे आहेत. दोन्ही नावं संहितेच्या दृष्टीनं वैध आहेत. इथे कोणतीही समिती निकाल देणार नाही, देऊही शकत नाही. तुम्ही कोणतं वर्गीकरण मानता ते लेखाच्या पद्धती-विभागात एका वाक्यात सांगा, दुसरं नाव समानार्थी म्हणून द्या आणि पुढे चला.

कपाशीच्या मर रोगाचं ‘फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम, फॉर्मा स्पेशियालिस व्हासइन्फेक्टम’ हे नाव घेऊन कुणी अग्रक्रमाचे (जुनं नाव आधी, असे) नियम लावायला बसलं तर त्याला थांबवा. फॉर्मा स्पेशियालिस म्हणजे कोणत्या पिकावर रोग पाडते त्यावरून केलेला गट. त्यांची नावं संहितेच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे रोगशास्त्रज्ञांची रूढी चालते, टाइप (नाव ज्या नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं तो) आणि तारीख नाही.

ओळखीचा वाद: नमुना नसेल तर चर्चा थांबवा

पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या सात्यांचं उदाहरण घ्या. वारुळावर उगवणाऱ्या या अळंब्या टर्मिटोमायसिस प्रजातीतल्या. टर्मिटोमायसिस हायमीच्या देठावर जाड, टिकणारं कडं असतं, तर युर्‍हायझसला ते नसतं. दोघींचं मूळ जमिनीखाली वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेलं असतं. विकायला येणाऱ्या सात्यांचं मूळ मातीसकट कापून टाकलेलं असतं, आणि हाताळणीत कडंही बऱ्याचदा गळून जातं. अशा जुडीवरून नाव ठरवायचं आणि मग त्या नावावर वाद घालायचा, हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

नमुना असा घ्या. खुरप्यानं ओढू नका. बाजूनं खणून मूळ सलग काढा. कोवळी, अर्धी उघडलेली आणि पूर्ण उघडलेली अशा किमान तीन अवस्था हव्यात. मोजपट्टी शेजारी ठेवून वरून, खालून आणि उभा छेद असे फोटो काढा. एका टोपीचा बीजाणू-ठसा घ्या, अर्धा पांढऱ्या आणि अर्धा काळ्या कागदावर. पांढऱ्या कागदावर फिकट ठसा दिसतच नाही. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर येतो. टोपीच्या आतल्या गराचा वाटाण्याएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये डीएनएसाठी वेगळा ठेवा आणि बाकीचा नमुना ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर कुडकुडीत वाळवा. उन्हात वाळवू नका: नागपूरच्या श्रावणात ऊन बेभरवशाचं, नमुना अर्धवट वाळतो आणि त्यावर दुसरीच बुरशी चढते. मग डीएनए-अनुक्रम तिचा येतो.

नमुना स्वतःच्या कपाटात ठेवू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक-संग्रह आहे आणि जिवंत कल्चरसाठी तिथेच राष्ट्रीय संग्रह आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही जुना बुरशी-संग्रह आहे. जमा-क्रमांक मिळाला की समोरचा माणूस तोच नमुना मागवून तपासू शकतो. पेंच-ताडोबासारख्या राखीव जंगलातून नमुने घ्यायचे असतील तर वनखात्याची परवानगी आधी काढा. आणि ते परदेशी पाठवण्यापूर्वी जैवविविधता कायद्याखाली काय लागतं ते राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून लेखी विचारून घ्या.

डीएनएबद्दल एक इशारा. आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ पासून बुरशीचा अधिकृत बारकोड म्हणून स्वीकारला गेला, पण तो सगळीकडे पुरत नाही. फ्युजॅरियम आणि ट्रायकोडर्माला टेफ-१ जनुक लागतं, अ‍ॅस्परजिलसला कॅल्मोड्युलिन, कोलेटोट्रिकमला एकाहून जास्त जनुकं. जेनबँकेत (डीएनए-अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्यात) शोध घेतल्यावर ‘९९ टक्के’ जुळलेलं पहिलं नाव उचलणं ही सर्वांत महागडी चूक. त्या अनुक्रमावरचं नाव टाकणाऱ्यानं स्वतःच्या समजुतीनं लिहिलेलं असतं. जुळणी टाइप नमुन्याच्या किंवा टाइप-कल्चरच्या अनुक्रमाशी झाली पाहिजे. बाजारात ‘ट्रायकोडर्मा व्हिरिडी’ म्हणून विकली जाणारी कित्येक कल्चरं टेफ-१ वर तपासल्यावर ट्रायकोडर्मा अ‍ॅस्परेलम निघतात, ती याच आळसामुळे.

नावाचा सातबारा काढा

जमिनीचा वाद जसा सातबारा आणि फेरफार न बघता सुटत नाही, तसंच नावाचं आहे. प्रत्येक वादग्रस्त नावासाठी एक ताव घ्या आणि त्यावर हे उतरवा: मूळ नाव कोणी दिलं, कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर, कोणत्या वर्षी, टाइप काय आहे आणि कुठे ठेवला आहे, नंतर कोणी, कधी कोणत्या प्रजातीत हलवलं. कंसातलं नाव मूळ देणाऱ्याचं, कंसाबाहेरचं हलवणाऱ्याचं.

शोध इंडेक्स फंगोरम आणि मायकोबँक या दोन्ही ऑनलाइन भांडारांत घ्या. इंडेक्स फंगोरम नावांची नोंदवही आहे. तिच्या जोडीला असलेलं स्पीशीज फंगोरम ‘सध्याचं नाव’ दाखवतं. ते कुणा तज्ज्ञाचं मत असतं, निकाल नव्हे. ‘डेटाबेसमध्ये असं आहे’ म्हणून वाद मिटवणारा माणूस तलाठ्याच्या तोंडी सांगण्यावर जमीन विकत घेणाऱ्यासारखा आहे. दोन नोंदींत वर्ष किंवा लेखक वेगळा दिसला की मूळ पान उघडा. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मोफत वाचायला मिळतात. मुखपृष्ठावरचं वर्ष आणि प्रत्यक्ष छपाईचं वर्ष यांत फरक असू शकतो, आणि अग्रक्रम प्रत्यक्ष प्रसिद्धीच्या तारखेवर ठरतो.

धानाच्या करप्याचा ताव भरून पाहू. पायरिक्युलॅरिया ही प्रजाती इटलीच्या साकार्डोनं १८८० मध्ये मांडली. पायरिक्युलॅरिया ओरायझी हे नाव इटलीच्याच कावाराचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. मॅग्नापोर्थे ही प्रजाती क्राउझ आणि वेबस्टर यांची, १९७२ ची. करप्याच्या लैंगिक अवस्थेला हेबर्टनं १९७१ मध्ये दिलेलं नाव बार यांनी १९७७ मध्ये मॅग्नापोर्थे ग्रिसियात नेलं. २००२ मध्ये काउच आणि कोन यांनी धानावरची बुरशी वेगळी काढून तिला मॅग्नापोर्थे ओरायझी म्हटलं, आणि पुढची पंधरा वर्षं बहुतेक जीवशास्त्रज्ञ तेच नाव लिहीत राहिले.

तावावर ‘टाइप’ या रकान्यात लिहायला गेलं की गंमत कळते. मॅग्नापोर्थेचा टाइप करपा नाहीच. तो आहे मॅग्नापोर्थे साल्व्हिनी, म्हणजे धानाच्या खोडकुजीची बुरशी. डीएनएनं दाखवलं की ती करप्यापासून बरीच दूरची आहे आणि नाकाटाया या १९३९ च्या प्रजातीत बसते. प्रजातीचं नाव टाइपबरोबर जातं. त्यामुळे मॅग्नापोर्थे नाकाटायात विलीन झालं आणि करप्याला ते नाव लावण्याचा आधारच उरला नाही. उरलं पायरिक्युलॅरिया ओरायझी, जे जुनंही होतं आणि रोगशास्त्रज्ञांच्या तोंडीही होतं. गटातल्या नावांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये हेच सुचवलं.

तारखांची चाळणी

तावावरचं प्रत्येक नाव आता चाळणीतून काढायचं. नाव वैधपणे प्रसिद्धच झालं नसेल तर त्याला अग्रक्रम नाही, त्यावर वाद घालण्याचं कारणही नाही. सुरुवात १ मे १७५३, लिनियसचा वनस्पतिग्रंथ. त्याआधीची नावं मोजायची नाहीत.

१ जानेवारी १९३५ ते ३१ डिसेंबर २०११ या काळात नव्या जातीला लॅटिन वर्णन किंवा भेददर्शक टीप सक्तीची होती. भारतीय नियतकालिकांतली काही नावं इथेच गळतात: इंग्रजी वर्णन उत्तम, चित्रं सुरेख, लॅटिनची एक ओळ नाही. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालतं. १९५३ पासून नवी जोडणी करताना (जातीचं नाव दुसऱ्या प्रजातीत नेताना) मूळ नावाचा संपूर्ण संदर्भ, पान आणि वर्षासह, द्यावा लागतो. १९५८ पासून टाइप सांगणं सक्तीचं आहे. १९९० पासून ‘टायपस’ किंवा ‘होलोटायपस’ असा शब्द आणि तो कोणत्या एका संस्थेत ठेवला आहे ते लिहावं लागतं.

२०१३ पासूनची अट सर्वांत जास्त मोडली जाते. बुरशीच्या प्रत्येक नव्या नावासाठी मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका भांडाराचा नोंदणी-क्रमांक प्रसिद्धीपूर्वी घ्यायचा आणि तो मूळ वर्णनातच छापायचा. नंतर शुद्धिपत्रात तो छापला तर नाव शुद्धिपत्राच्या तारखेपासून, तेही बाकी सगळ्या अटी तिथे पुऱ्या झाल्या तरच. क्रमांक घेतला होता आणि छापताना आकडे उलटसुलट झाले, तर ती दुरुस्त होण्याजोगी चूक धरतात. क्रमांकच छापला नाही, तर नाही.

दुसरी नेहमीची चूक: ‘टाइप: कल्चर क्रमांक अमुक’. जिवंत कल्चर टाइप होऊ शकत नाही. ते गोठवून किंवा लायोफिलाइझ करून (गोठवून सुकवून) चयापचय बंद अवस्थेत कायमचं जपलेलं असलं पाहिजे, आणि २०१९ पासूनच्या नावांत हे मूळ वर्णनात लिहावंच लागतं. या एका वाक्याच्या अभावी चांगली नावं अवैध ठरली आहेत.

पीएचडी करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. प्रबंधात नवं नाव छापलं म्हणजे ते प्रसिद्ध झालं असं नाही. १९५३ पासूनचे प्रबंध, स्वतःला संहितेच्या अर्थानं प्रकाशन म्हणवत नसतील आणि त्यांवर आयएसबीएनसारखी खूणही नसेल तर, धरले जात नाहीत. परिषदेतलं पोस्टरही नाही. ऑनलाइन प्रसिद्धी २०१२ पासून चालते, पण पीडीएफ स्वरूपात आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनात. म्हणून प्रबंधात नाव छापायची घाई करू नये, ‘जाती क्र. १’ असं लिहावं. नाहीतर ते अवैध नाव दुसरे लोक उद्धृत करू लागतात आणि पुढच्याला साफसफाई करावी लागते.

टाइपपाशी सगळं येऊन थांबतं

चाळणीतून उरलेल्या नावांचे टाइप शोधा. होलोटाइप (मूळ लेखकानंच ठरवलेला टाइप) असेल तर प्रश्न सोपा. नसेल तर मूळ लेखकाच्या साहित्यातून, त्यात चित्रही आलं, लेक्टोटाइप निवडतात. मूळ साहित्य काहीच उरलं नसेल तरच नवा टाइप, निओटाइप. टाइप आहे पण त्यावरून जाती ठरवता येत नाही, उदाहरणार्थ नुसतं चित्र आहे किंवा वाळलेलं पान आहे, तेव्हा त्याला आधार म्हणून एपिटाइप जोडतात.

संत्र्यावरचा कोलेटोट्रिकम ग्लिओस्पोरिऑइड्स हे एपिटाइपचं नमुनेदार उदाहरण. पेन्झिगनं १८८२ मध्ये इटलीत लिंबूवर्गीय झाडावरून हे नाव दिलं. पुढे आंब्यापासून पपईपर्यंत प्रत्येक फळावरच्या करप्याला हेच लावलं गेलं. २००८ मध्ये इटलीतल्याच लिंबूवर्गीय झाडावरचं कल्चर एपिटाइप म्हणून ठरवलं, तेव्हा कुठे या नावाला अनुक्रम मिळाला. २०१२ मध्ये जवळच्या जातींच्या या संकुलात बावीस जाती मांडल्या गेल्या. आता नागपुरी संत्र्यावरच्या कल्चरला ग्लिओस्पोरिऑइड्स म्हणायचं असेल तर एपिटाइपशी जुळवून दाखवावं लागतं. ‘संत्र्यावर आहे म्हणजे तीच’ हे चालणार नाही.

टाइप ठरवताना तीन गोष्टी चुकतात. २००१ पासून ‘येथे निर्देशित’ या अर्थाचे शब्द लिहावे लागतात. ते नसतील तर निवड झालीच नाही. २०१९ पासून बुरशीच्या लेक्टो-, निओ- आणि एपिटाइपलाही नोंदणी-क्रमांक लागतो. आणि तिसरं, मूळ साहित्य कुठल्याशा संग्रहात शाबूत असताना निओटाइप जाहीर केला जातो. ते सापडलं की निओटाइप कोसळतो. संग्रहांना आधी पत्र लिहा, उत्तराची वाट बघा.

किती काळ लोंबकळू शकतं ते गॅनोडर्मावरून कळेल. गॅनोडर्मा ल्युसिडमचा टाइप इंग्लंडातला, कर्टिसचा, १७८१ चा. आशियात औषधी म्हणून पिकवतात ती वेगळी जाती. २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नवं नाव मिळालं. दुसऱ्या गटानं म्हटलं, १९८३ चं सिचुआनेन्से म्हणजे हीच, ते जुनं. तिसऱ्यानं म्हटलं, सिचुआनेन्सेचा होलोटाइप वेगळीच बुरशी आहे. शेवटी २०२३ मध्ये होलोटाइपमधूनच डीएनए काढून ती तीच असल्याचं दाखवलं गेलं. अकरा वर्षांत अनेक निबंध निघाले. आपल्याकडे कॅप्सूलच्या डब्यावर अजून ‘ल्युसिडम’च असतं, तो भाग वेगळा.

जुनं कोण, आणि त्याला अपवाद

वैध नावं, एकच जाती, टाइप पक्के. आता सर्वांत जुनं नाव घ्यायचं. अग्रक्रम फक्त त्याच दर्जात मोजतात. १९०० मध्ये उपप्रकार म्हणून दिलेलं आणि १९७० मध्ये जाती केलेलं नाव, जाती म्हणून १९७० चंच. पर्सून (१८०१) आणि फ्राइस (१८२१ ते १८३२) यांच्या ठरावीक ग्रंथांत स्वीकारलेल्या नावांना ‘मान्यताप्राप्त’ असा विशेष दर्जा आहे. ती त्याच जातीच्या जुन्या, मान्यता नसलेल्या नावांवर मात करतात. लेखकाच्या नावानंतर विसर्गासारखं चिन्ह आणि ‘फ्राइस’ दिसलं की हे ओळखा.

संत्र्याच्या डिंक्याचं नाव घ्या. तो पाडणारी फायटोप्थोरा खऱ्या अर्थानं बुरशी नाही, पण संहिता अशा जिवांनाही हेच नियम लावते. जावातल्या तंबाखूवरून ब्रेडा दे हान यांनी १८९६ मध्ये फायटोप्थोरा निकोशियानी हे नाव दिलं. जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी १९१३ मध्ये एरंडावरून फायटोप्थोरा पॅरासिटिका दिलं. (हेच दस्तूर पुढे मध्य प्रांतात आले आणि इथल्या पानवेलीच्या रोगांवर त्यांनी काम केलं.) आधीचं वर्णन अपुरं म्हणून बरेच लोक दस्तूरांचं नाव वापरत राहिले, १९६३ मध्ये वॉटरहाउस यांनी पॅरासिटिका हा निकोशियानीचा उपप्रकार केला. आज दोन्ही एकच जाती मानतात, म्हणून निकोशियानी. १७ वर्षांचं ज्येष्ठत्व. दस्तूरांचं नाव अवैध झालेलं नाही: उद्या कुणी दोन जाती वेगळ्या सिद्ध केल्या तर ते जसंच्या तसं उभं राहील.

एका बुरशीला लैंगिक आणि अलैंगिक अवस्थेची दोन नावं ठेवायची सवलत २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसनं (आंतरराष्ट्रीय परिषदेनं) काढून टाकली. आता दोन्ही एकाच रांगेत, एकाच तारखेच्या नियमानं. ट्रायकोडर्मा १७९४ चं, हायपोक्रिया १८२५ चं, ट्रायकोडर्मा राहिलं.

स्पेलिंग

इथे फार रेंगाळू नका. स्पेलिंगची चूक म्हणजे नवं नाव नव्हे. ती दुरुस्त करायची, लेखक आणि वर्ष तेच. माणसाच्या नावावरून विशेषण करताना व्यंजनान्त नावाला सहसा दोन आय लागतात, म्हणून न्युमोसिस्टिस जिरोव्हेसी हे ‘जिरोव्हेसिआय’ झालं. प्रजातीच्या लिंगाशी विशेषण जुळतं. नागपुरावरून नाव द्यायचं झालं तर फायटोप्थोरासोबत ‘नागपुरेन्सिस’, ट्रायकोडर्मा किंवा कोलेटोट्रिकमसोबत ‘नागपुरेन्से’, कारण ती नपुंसकलिंगी आहेत. प्रजातीचं नाव ‘-आ’कारान्त दिसतं म्हणून ट्रायकोडर्मा स्त्रीलिंगी धरणं ही अगदी नेहमीची चूक.

समितीकडे कधी आणि कसं जायचं

नियम पाळला तर सर्वांना माहीत असलेलं नाव जाईल आणि कुणीही न ऐकलेलं येईल, अशी वेळ आली तरच. तोवर सत्तावन्नावं कलम लक्षात ठेवा: एखादं नाव चुकीच्या अर्थानं का होईना, सर्वत्र आणि सातत्यानं वापरात असेल, तर समितीपुढे प्रस्ताव नेऊन तो फेटाळला जाईपर्यंत ते प्रचलित वापराविरुद्ध ओढायचं नाही. म्हणजे अशा नावाचा टाइप भलताच निघाला की लगेच बदल जाहीर करणं नियमाला धरून नाही.

आधी टाइप बदलून काम भागतं का ते बघा. मोघम जुन्या नावाला योग्य लेक्टोटाइप निवडला की पुष्कळदा वादच संपतो, आणि ते एका लेखात होतं. नाहीच भागलं तर चौदाव्या कलमाखाली प्रचलित नाव जतन करण्याचा किंवा छप्पन्नाव्याखाली त्रासदायक नाव कायमचं फेटाळण्याचा प्रस्ताव ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात द्या. प्रस्तावात दोन्ही नावं, त्यांची मूळ पानं, दोन्हींचे टाइप, आणि बदल झाला तर नुकसान काय होईल याचा पुरावा हवा. ‘शेतकऱ्यांचा गोंधळ होईल’ हा पुरावा नाही. गेल्या काही दशकांतले निबंध, कीटकनाशक-लेबलं, क्वारंटाइन याद्या, पाठ्यपुस्तकं यांत दोन्ही नावं किती वेळा आली ते मोजून द्या. विरोधी मत ठाऊक असेल तर तेही लिहा. लपवलं तर समितीतला कुणीतरी काढतोच.

प्रस्ताव बुरशीच्या नामकरण समितीकडे जातो, तिथे शिफारशीला किमान ६० टक्के मतं लागतात. मग सर्वसाधारण समिती, मग आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेस, जी साधारण सहा वर्षांनी भरते. मागची २०२४ मध्ये माद्रिदला झाली आणि तिची संहिता २०२५ मध्ये छापली गेली. सर्वसाधारण समितीनं मान्यता दिली की नाव वापरायला मोकळीक मिळते, काँग्रेसपर्यंत थांबावं लागत नाही. पेनिसिलियम क्रायसोजेनम (१९१०) याच मार्गानं १९०१ च्या ग्रिसिओरोसियमच्या तावडीतून सुटलं. फक्त बुरशींना लागू असलेले नियम मात्र कवकशास्त्र काँग्रेसमध्ये बदलतात, तीही २०२४ मध्येच मास्ट्रिख्टला झाली.

तोवर अहवालात काय लिहायचं

प्रस्ताव पडून असताना प्रचलित नाव चालू ठेवा. संहितेची शिफारसही तीच. रोगनिदानाच्या अहवालात नवं नाव आधी आणि जुनं लगेच नंतर द्या. रुग्णालयातल्या डॉक्टरनं ‘कँडिडोझायमा ऑरिस’ वाचून ‘ही कुठली?’ असं विचारू नये, म्हणून ‘पूर्वीचं कँडिडा ऑरिस’ हे त्याच ओळीत हवं, तळटीपेत नको. संसर्ग-नियंत्रणाच्या याद्यांत अजून जुनंच नाव शोधलं जातं.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या अहवालांत एकाच बुरशीला कुठे रायझोपस ओरायझी, कुठे रायझोपस अराय्झस लिहिलं गेलं. अराय्झस फिशरचं, १८९२, ओरायझी १८९५. फिशरचं वर्णन पुरेसं स्पष्ट नाही म्हणून एका गटानं ओरायझी धरलं, दुसऱ्यानं तारीख धरली. त्यात डेलेमार नावाचा जवळचा नातेवाईक: काही त्याला वेगळी जाती मानतात, काही अराय्झसचाच उपप्रकार. पहिला वाद नामकरणाचा, दुसरा वर्गीकरणाचा. एकाच वाक्यात दोन्ही मिसळले की पुढे आकडेवारी जुळत नाही. (‘काळी बुरशी’ हे नावही गैरच, काळ्या रंगद्रव्याच्या बुरशी हा निराळाच गट आहे, इथे काळं पडतं ते मेलेलं ऊतक.) अहवालाची ओळ अशी ठेवा: ‘रायझोपस अराय्झस, व्यापक अर्थानं (यात रा. ओरायझी आणि रा. डेलेमार समाविष्ट), ओळख आयटीएस अनुक्रमावरून, कल्चर जतन, क्रमांक अमुक.’

स्पॉनच्या पिशवीसाठी: ‘प्लुरोटस पल्मोनॅरियस; भारतात प्रचलित नाव साजोर-काजू, फ्राइसच्या अर्थानं नव्हे.’ जागा कमी असेल तर शेवटचे शब्द गाळा, पण पहिलं नाव गाळू नका.